पत्र्याची फुलं

आमच्या गावात झाड नव्हतं.
'पान हलत नाही' एवढं म्हणायचीही सोय नव्हती.
पण मेलेल्यांना फुलं लागतातच, म्हणून आई
सार्डिनच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापायची,
पाकळ्या वळायची, बोट चिरून घ्यायची,
आणि तांबडा रंग संपलेला असला की म्हणायची,
चालेल, हे डाळिंबाचं समजा.

सान्ता एदुविहेस. नकाशात शोधू नका.
उत्तर चिलीचं वाळवंट, पाऊस ऐकीव,
आणि जमिनीखाली हातभर खोल सोरा.
माझा बाप, एउलोहियो केसादा, तो फोडायचा:
आधी सुरुंग,
मग पहार,
मग खोकला.
मजुरी पितळी बिल्ल्यांत.
बिल्ले चालायचे फक्त कंपनीच्या दुकानात,
जिथला काटा कंपनीच्या बाजूनं
नेहमीच जरा हळवा व्हायचा.

सोरा रेल्वेनं इकीकेला, तिथून जहाजानं हॅम्बुर्गला.
बाप छाती फुगवून सांगायचा: तिकडचा गहू आपण पिकवतो.
पुढे कुणीतरी म्हणालं, तिकडचे तोफगोळेही.
त्या रात्री तो जेवला नाही.
म्हणजे जेवला,
पण मीठ मागितलं नाही.

तारमास्तर अबुंदियोनं एका रविवारी दुकानात बातमी आणली.
जर्मनीत म्हणे हवेतून खत काढतात.
हवेतून?
हो, दाबतात, तापवतात, मधे लोखंड धरतात,
नळीच्या टोकाला थेंब.
अख्खं दुकान हसलं.
किरिनोनं तर डोक्यावर हात नेऊन
हवेतलं मूठभर काहीतरी पकडलं
आणि काउंटरवर ठेवलं:
घ्या मोजून. दोन किलो. उधार मांडा.
कारकुनानंही गंमत म्हणून वहीत मांडलं.

ते हसू बरीच वर्षं पुरलं.
मधे युद्ध झालं. पहिले काही महिने सोडले तर
आम्हाला ते बरं गेलं.
(हे सांगू नये, पण मला नवे बूट आले होते.)
मग भाव उतरला. मग परत उतरला.
मग एका मंगळवारी धुराडं थांबलं
आणि आभाळ इतकं स्वच्छ झालं
की बायकांनी पोरांना घरात घेतलं.

निघताना कुणी काय नेलं आठवतं.
आईनं परात. अबुंदियोनं घड्याळ, जे त्याचं नव्हतं.
नाटकघरातला पियानो कुणीच नेला नाही,
त्याच्यावर एक कोंबडी बसली होती.
बिल्ले सगळ्यांकडे होते. खिसाभर.
पुढच्या स्टेशनावर त्यांचा पाव येत नव्हता.
बापानं गाडीत बसण्याआधी वर पाहिलं,
शिवी तोंडात आली होती, मी पाहिली,
त्यानं ती गिळली.
हवेला शिवी द्यायची, तर ती जाणार कुठं?
हवेतच.

आता नातू शिकवतो मला, शाळेच्या पुस्तकातून:
आजी, ती हवेतली युक्ती नसती
तर जगातली जवळजवळ निम्मी माणसं जेवली नसती.
असेल. मी कुठं नाही म्हणते?
निम्म्यांची भाकरी एका पारड्यात घातल्यावर
आमचं गाव दुसऱ्या पारड्यात ठेवायला
मला तरी लाज वाटते.
फक्त तो काटा कुणाचा, एवढं विचारावंसं वाटतं.

दर नोव्हेंबरात आम्ही कबरस्तानात जातो.
तिथं काही गंजत नाही.
आईची फुलं अजून आहेत, वारा आला की
चमचे आपटल्यासारखी वाजतात.
तिथंच मातीवर बसून पणतीला भरवते, रोसाउराला.
ती तोंड मिटते, मी नाटक करते:
हा घास मातीचा,
हा घास हवेचा...
आणि हा? ती विचारते.

हा किरिनोचा, बाळ.
त्याचे दोन किलो
अजून उधार आहेत.